नववीतच नापास केलेली पिल्लं

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तो हे वाचणार आहे आणि मी काही त्याच्यावर राग काढायला बसलेलो नाही. २००२ साली तो दहावीत होता. मराठीत बरा, गणितात काठावर, आणि शाळा सुटली की आमच्या अंगणात कुत्र्यांच्या सरबराईत. आता चाळिशीला आलाय. पुण्याकडे नोकरी करतो, गावाकडच्या शेतात चार-पाच कारवानी कुत्री सांभाळतो, आणि शोमध्ये उतरवतो. हा नाद त्याला माझ्यामुळे लागला.

"सर, आनंदाची बातमी आहे. आपल्या मादीला परवाच्या शोमध्ये पहिला नंबर. आणि तिच्या सख्ख्या भावाला पण! एकाच वेतातली दोघं. आता ती माजावर आली की भावालाच लावायची म्हणतोय. टाईप एकदम पक्का होईल. तुमचा आशीर्वाद पाहिजे."

मी म्हटलं, "अरे, सख्खा भाऊ आहे तो तिचा. नको करूस असलं काही."

तो क्षणभर गप्प झाला. मग अगदी आदराने म्हणाला, "सर, पण तुम्ही पण सर्जाला बिजली लावली होती की. मीच तर धरली होती तिला."

खरं होतं. बिजली सर्जाची मुलगी होती. फोन ठेवला तेव्हा समोरचा चहा गार झालेला होता. सौ. म्हणाली, काय झालं, चेहरा का असा? मी काही बोललो नाही. जे तेव्हा बोलता आलं नाही ते आता लिहितो आहे.

ज्यांना या विषयाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. कारवानी म्हणजे आपल्या दख्खनचं शिकारी कुत्रं. उंच, सडपातळ, पाठीला किंचित कमान, पोट आत ओढलेलं, लांब निमुळतं तोंड. सांगली, सोलापूरपासून खाली उत्तर कर्नाटकापर्यंत हे कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारात आहे. कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, कारण मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला राजाश्रय दिला. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद 'कारवान हाउंड' म्हणून करतो, तर दुसरी एक संस्था त्यालाच 'मुधोळ हाउंड' म्हणते. कुत्र्याला अर्थात यातलं काही ठाऊक नाही. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींची नावं घेतली, त्यातही ते होतं. त्यानंतर तर ज्यांना आयुष्यात कुत्रं पाळायचं नव्हतं त्यांचेही मला फोन आले, "सर, एक पिल्लू मिळेल का?"

माझ्याकडे पहिली मादी आली ती १९९४ साली, जत भागातल्या एका धनगराकडून. तिचं नाव हरणी. मी तेव्हा हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. त्या म्हाताऱ्याच्या दारात सहा-सात पिल्लं होती आणि मी पुस्तकात वाचल्याप्रमाणे एकेक उचलून मान बघत होतो, पाय बघत होतो. तो बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "गुरुजी, उभ्या कुत्र्याकडं काय बघताय? उभं असलं की समदीच देखणी. पळू द्या की त्याला."

हे वाक्य मी त्यानंतर पंधरा वर्षं विसरलो.

हरणीचा मुलगा सर्जा. तो मात्र खरोखर देखणा निघाला. १९९८ च्या हिवाळ्यात मी त्याला पहिल्यांदा शोमध्ये नेलं. रातोरात एसटीने जायचं (कंडक्टरची मनधरणी करून, कुत्र्याचं तिकीट काढून), पहाटे मैदानावर त्याला पाणी पाजायचं, पुसायचं, नखं बघायची. मग रिंगमध्ये उभं करायचं. जज येतो, दात बघतो, छाती चाचपतो, पाठीवरून हात फिरवतो, नराचे दोन्ही वृषण उतरले आहेत ना ते बघतो. मग सांगतो, पळवा. सरळ जायचं, परत यायचं, एक गोल फेरी. दोन-तीन मिनिटांचा मामला. आणि त्या दोन-तीन मिनिटांसाठी माणूस वर्षभर जगतो! २००० साली सर्जाच्या नावामागे 'चॅम्पियन' लागलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो माझ्या बीएच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता, हे कबूल करतो. आपण स्वतः जुळवलेल्या जोडीचं, आपल्या हातांवर जन्मलेलं, आपल्या घरची भाकरी-ताक खाऊन वाढलेलं जनावर परक्या माणसाने पहिलं ठरवावं, याचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल. शोच्या नावाने सरसकट नाकं मुरडणाऱ्यांना ते कळत नाही, म्हणून त्यांचं बोलणं आम्हा लोकांच्या अंगावरून वाहून जातं.

तर सर्जासारखे आणखी दहा सर्जे असावेत असं मला वाटू लागलं. त्याची ती मान, ती पाठ. ज्येष्ठ मंडळींनी सल्ला दिला की 'लाइन ब्रीडिंग' करा, रक्त बाहेर जाऊ देऊ नका. बिजली बापावर गेलेली होती. २००२ साली मी बापाला मुलगी दिली.

सात पिल्लं झाली. पहिल्या दहा दिवसांत तीन गेली. एक तर दूधच ओढत नव्हतं. उरली चार. त्या चारांतल्या एका मादीला दीड वर्षाची झाल्यावर आकडी येऊ लागली. ज्या शेतकऱ्याच्या घरी मी ती दिली होती तिथल्या लहान मुलांनी तोंडाला फेस आलेलं, पाय झाडणारं कुत्रं आठवड्याला बघितलं. ती तीन वर्षांची होऊन गेली. आणि चौघांतला एक, राणा, बापापेक्षाही देखणा निघाला. त्याने बक्षिसं आणली. त्याला मागणी आली. त्याची पिल्लावळ आज पाच जिल्ह्यांत आहे.

नोंदणीच्या कागदावर मी चार पिल्लं लिहिली. मेलेल्या तिघांसाठी कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आकडीच्या मादीबद्दल राणाची मागणी करणाऱ्यांना मी कधी बोललो नाही. तीन पिल्लं आणि ती मादी बापलेकीच्या जोडीमुळेच गेली हे मला आज सिद्ध करता येणार नाही. पिल्लं एरवीही मरतात, आकडीही एरवी येते. पण मला शंका होती, आणि शंका असूनही मी गप्प राहिलो. मास्तर असून.

आता मास्तरकीचीच एक गोष्ट सांगतो.

दहावीचा निकाल शंभर टक्के लागला असे फलक तुम्ही शाळांच्या फाटकांवर पाहिले असतील. काही शाळा तो कसा लावतात हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक असतं. जी मुलं दहावीत नापास होतील अशी भीती असते त्यांना नववीतच अडवायचं. पालकांना बोलवायचं, म्हणायचं, याला पुन्हा नववी करू दे, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसू दे. म्हणजे पोरगं शाळेच्या हिशोबातून गेलं. मग जी उरतात ती सगळी पास! निकाल खोटा नसतो बरं का. जितकी बसली तितकी खरोखर पास झालेली असतात. खोटं असतं ते फक्त आधी गाळलेलं. मी स्टाफरूममध्ये या प्रकाराविरुद्ध भांडलो आहे, त्यापायी वाईटपणा घेतला आहे. आणि त्याच वर्षांत घरी अंगणात मी नेमकं तेच करत होतो. सर्जाचा आणि राणाचा फोटो भिंतीवर, आणि नववीत नापास केलेली पिल्लं परड्यात चाफ्याखाली पुरलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ठासून सांगणार आहे. स्वतः जनावर पैदा करायचं आणि स्वतःच ते स्पर्धेत उतरवायचं यात मुळात वाईट काही नाही. वाईट आहे ती आपली परीक्षा, जी फक्त पास झालेल्यांनाच बोलावते. शोमध्ये एक कुत्रं उभं राहतं आणि त्याच्यामागचं अख्खं वेत गायब असतं. आणि बक्षीस मात्र त्या एकट्या कुत्र्याला मिळत नाही. ते त्या रक्ताला मिळतं, कारण दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याकडे माद्या घेऊन येतात.

हे आजचं नाही. आधुनिक डॉग शोची सुरुवात मानतात ती इंग्लंडात न्यूकॅसल इथे, १८५९ च्या जूनमध्ये. पॉइंटर आणि सेटर ही दोनच जातीची कुत्री होती, आणि बक्षीस म्हणून बंदुका. गंमत म्हणजे पॉइंटरांचं बक्षीस सेटरांच्या परीक्षकाच्या कुत्र्याला मिळालं आणि सेटरांचं पॉइंटरांच्या परीक्षकाच्या! निदान ती दोन्ही कामाची कुत्री होती. मग १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला, वंशावळींची पुस्तकं आली आणि हळूहळू दार बंद झालं. ज्याचे आईबाप पुस्तकात नाहीत त्याला प्रवेश नाही. आत असलेल्यांनी आपापसातच सोयरिकी करायच्या. शे-दीडशे वर्षं हे चाललं की काय होतं? लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांनी २००८ मध्ये हिशोब मांडला, तर ब्रिटनमधल्या सुमारे १०,००० पगांमध्ये मिळून आनुवंशिक विविधता निघाली ती जेमतेम ५० कुत्र्यांइतकी. दहा हजारांचं गाव आणि घरं पन्नास!

हे गणित मला स्वतःला उमगायला वेळ लागला, मी बीए मराठीवाला. आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी निवृत्तीनंतर एका संध्याकाळी पाटीवर समजावलं. प्रत्येक गुणाच्या दोन प्रती पिल्लाला मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी धड असेल तर बहुतेक वेळा निभावतं. पण आईबाप जवळचे नातलग असतील तर दोन्हीकडून एकाच पूर्वजाची तीच बिघडलेली प्रत येण्याचा संभव वाढतो. चुलत-मामे-आते भावंडांच्या संबंधातून झालेल्या अपत्यात हा संभव शेकडा सव्वासहा. बापलेकीच्या किंवा सख्ख्या भावाबहिणीच्या संबंधात शेकडा पंचवीस. (आमच्या भागात मामाची मुलगी करण्याची चाल आहे, त्यामुळे सव्वासहावर मी फार बोलत नाही. पण पंचवीस?) शिवाय हा हिशोब वरचे पूर्वज एकमेकांचे कुणी नाहीत असं धरून. आमच्या विद्यार्थ्याच्या बहीणभावांच्या वंशावळीत बापाकडूनही राणा आहे आणि आईकडूनही राणा आहे. म्हणजे सर्जा किती वेळा आला ते मोजा. माझी २००२ ची चूक त्या कागदावर बसून माझ्याकडे बघत होती.

आता मला जी उत्तरं मिळतील ती मी आधीच घेतो, कारण यातलं प्रत्येक उत्तर मी स्वतः कधी ना कधी दिलेलं आहे.

पहिलं उत्तर असं, "सर, जवळचं रक्त वापरल्याशिवाय जातच तयार होत नाही." बरोबर आहे. जगातल्या बहुतेक जाती तशाच घडल्या. पण घडवताना जे बिघडलं ते कुणीतरी बाजूला टाकत होतं. धनगरही टाकत होता. उगाच त्याचं उदात्तीकरण करणार नाही; अशक्त पिल्लू त्याच्याकडे जगत नसे, आणि तो सशामागे कुत्री सोडायचा, जे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. पण त्याच्याकडे निवडीची कसोटी होती. उन्हात मेंढरांमागे दिवसभर चाललं, भाकरी-ताकावर टिकलं, धावलं, तेच पुढे वाढलं. आम्ही ती कसोटी काढून घेतली आणि तिच्या जागी दोन मिनिटांची फेरी ठेवली. पद्धत त्याची आणि कसोटी आमची, हे मिश्रण घातक आहे.

दुसरं उत्तर, "बाहेरचं रक्त आणलं तर जात बिघडते." डाल्मेशियनची गोष्ट ऐका. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलं ते कुत्रं. शुद्ध डाल्मेशियनमध्ये एक दोष सर्रास पसरला होता. लघवीत युरिक ॲसिड फार, त्यामुळे खडे होऊन लघवी तुंबायची. धड प्रत जातीत कुणाकडेच उरली नव्हती. १९७३ मध्ये अमेरिकेत एका शास्त्रज्ञाने एकदा, फक्त एकदा, पॉइंटरशी संकर केला आणि नंतर पुढच्या पिढ्या परत डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. काही पिढ्यांत ठिपके तेच, बांधा तोच, आणि दोष गेलेला! १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली. लगेच डाल्मेशियनवाल्यांनी आरडाओरडा केला, शुद्धता बाटली म्हणून, आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडलं २०११ मध्ये. तीस वर्षं. औषध हातात असताना तीस वर्षं कुत्र्यांना मुतखडे होऊ दिले, कारण पणजोबांच्या पणजोबांपैकी एक जण पॉइंटर होता. याला शुद्धता म्हणायची तर विटाळ कशाला म्हणायचं? आपल्याला हा शब्द काय करतो ते इतिहासाने पुरेसं शिकवलेलं आहे. माणसांमधून हाकलताना एवढे कष्ट पडताहेत, तो आपण कुत्र्यांत कशाला पुजायचा?

आणि कारवानीला तर परका पॉइंटर आणायचीही गरज नाही. जत, आटपाडी, सांगोल्याच्या माळावर अजून बिनकागदाची कारवानी कुत्री आहेत. आपलंच रक्त आहे, फक्त कागदावर नाही. तिकडे दार उघडं ठेवायचं सोडून आम्ही चॅम्पियनच्या नातवंडांची आपसांत लग्नं लावतो आहोत. विहीर दारात आणि आम्ही हंड्यातलं शिळं पाणी पुरवून पुरवून पितो.

तिसरं उत्तर, "जजला काय काय दिसणार? तो उभं कुत्रं बघतो." अगदी बरोबर, मग त्याने उभ्या कुत्र्यापुरतंच बोलावं. 'चॅम्पियन' कशाला म्हणतो? २०१२ साली इंग्लंडातल्या क्रफ्ट्‌स या जगप्रसिद्ध शोमध्ये पंधरा जातींच्या विजेत्यांना जजनंतर पशुवैद्याने तपासायचं ठरलं. सहा जण नापास झाले. बुलडॉग, पेकिनीज, बासेट वगैरे. त्याच दिवशी ज्यांना जजने आपापल्या जातीत सर्वोत्तम म्हटलं होतं तेच सहा! मोठा गदारोळ झाला. पण मला विचाराल तर त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी पेपर खरा तपासला. त्याआधी २००८ मध्ये बीबीसीने या पैदाशीवर एक माहितीपट दाखवला, मग पुढच्या वर्षीपासून क्रफ्ट्‌सचं प्रक्षेपणच थांबवलं. आणि २००९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने बापलेक, मायलेक आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. ज्यांच्याकडून आपण शो उचलला त्यांनी हे बंद करून सोळा-सतरा वर्षं झाली, आणि आमचा विद्यार्थी मला आशीर्वाद मागतो आहे.

चौथं उत्तर माझ्या मुलीचं. ती बंगलोरला असते. ती म्हणते, "बाबा, हे सगळं सोडाच. रस्त्यावर एवढी कुत्री आहेत, त्यातलं एक घरी आणावं." तिच्या घरी तसं एक आहे आणि ते माझ्या सर्व चॅम्पियनांपेक्षा निरोगी आहे, हे मी तिला कधी कबूल केलं नव्हतं, आता करतो. ज्याला सोबत हवी त्याने खुशाल रस्त्यावरचं आणावं. २००३ च्या त्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर घरोघर आलेले पग बेचाळीस अंशांच्या उन्हात श्वासासाठी कसे तडफडतात हे मी पाहिलं आहे. तसल्या पैदाशीपेक्षा गल्लीतला मोती शतपट बरा. पण सगळ्यांनीच पैदास सोडली तर कारवानी संपेल, हेही तितकंच खरं. ते एका मुलखाने, एका कष्टकरी समाजाने, विनाकागद घडवलेलं कुत्रं आहे. ते टिकवायचं तर कुणीतरी जाणतेपणी जोड्या लावाव्याच लागणार. म्हणून मी माझ्या मुलीच्याही बाजूने नाही आणि शोवाल्यांच्याही नाही. दोघांनाही माझा राग येणार. येऊ दे.

मग करायचं काय? मास्तर आहे, प्रश्नपत्रिकेवर टीका करून थांबणार नाही, नवी काढून देतो.

एक, बापलेक, मायलेक, सख्खी भावंडं यांच्या पिल्लांना कागद देऊ नका आणि शोमध्ये घेऊ नका. पळवाट नको.

दोन, नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवा. किती जन्मली, किती मेली, कशाने. आणि जगलेल्यांना पुढे दोन-तीन वर्षांत काय आजार झाले तेही लिहा. हा नववीचा निकाल. तो ज्याच्याकडे नाही त्याच्या कुत्र्याला दहावीचं प्रमाणपत्र नाही.

तीन, धावणाऱ्या कुत्र्याला धावायला लावा. ससा नको, बाहेर दोरीला बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी यंत्राने ओढतात आणि शिकारी कुत्री तिच्यामागे धावतात. कारवानीला एक मोकळं माळरान आणि एक पिशवी पुरे. धावून आल्यावर पशुवैद्याने छातीला नळी लावून बघावं. मग म्हणा चॅम्पियन.

चार, माळावरच्या बिनकागदाच्या कुत्र्यांना तपासून आत घ्या, दर पिढीला थोडी.

आणि पिल्लू घेणाऱ्यांनो, थोडं तुम्हालाही. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या मंडळाकडे नोंदणी करायची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. ते विचाराच. पण त्याहून एक महत्त्वाचा प्रश्न विचारा, "याच्या भावंडांचं काय झालं?" भिंतीवरच्या ढाली बघू नका. या प्रश्नावर माणूस अडखळला की चपला घालून बाहेर पडा. माझ्याकडे २००४ मध्ये राणासाठी जे आले त्यांतल्या एकाने जरी हे विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो की खरं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पण कुणी विचारलंच नाही.

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. हरणीपासूनची प्रत्येक वेताची नोंद तीत आहे, मेलेल्या पिल्लांच्या तारखांसकट. मास्तरला हजेरी घेतल्याशिवाय राहवत नाही. कागदावर चार लिहिली तरी वहीत सातच आहेत. एवढी वर्षं ती मी कुणाला दाखवली नव्हती. गेल्या आठवड्यात तिच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. एक संच त्या विद्यार्थ्याला पाठवला, वर चिठ्ठी लिहून, "तू म्हणालास ते खरं आहे, मी केलं होतं. पण तू फक्त धरली होतीस, पुढचं तुला दाखवलं नव्हतं. ते सोबत आहे. आता तू ठरव." बाकीचे संच राणाची पिल्लं ज्यांच्याकडे गेली त्यांच्यापैकी जे सापडतील त्यांना पाठवतो आहे. काही जण चिडतील. त्यांच्या कुत्र्यांची किंमत कमी होईल, हेही मला कळतं.

विद्यार्थ्याचा अजून फोन आलेला नाही. त्याची मादी या महिन्याअखेर माजावर येईल. मी वाट बघतो आहे.

असो. अंगणात आता एकच कुत्री उरली आहे, हरणीच्या खापरपणतीची लेक, तेरा वर्षांची. डोळ्यांनी कमी दिसतं. पण संध्याकाळी माळावर नेलं की अजून चार उड्या मारते. तेव्हा त्या म्हाताऱ्या धनगराची आठवण येते.